संकेतस्थळ विभागांचे की विद्यार्थ्यांचे?

गोदाकाठ (मूळ मुद्दा):
आमच्या अनुदानित शिक्षणसंस्थेच्या संकेतस्थळाची नव्याने मांडणी करण्यासाठी नेमलेल्या समितीत मी आहे. पहिल्या बैठकीत मुखपृष्ठावर कोणाचे छायाचित्र कोठे असावे यावरच दीड तास गेला. त्यानंतर मी मुद्दाम नाशिकच्या सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसलो, कारण आमचे पुष्कळसे परीक्षा अर्ज तेथेच भरले जातात. दुकानदाराने पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली आहे : ‘विद्यार्थी – इतर – परिपत्रके – एकदम खाली – तिसरी ओळ – हॉल तिकीट’. पेठहून एसटीने आलेल्या मुलीला त्याने त्या चिठ्ठीवरून दोन मिनिटांत हॉल तिकीट काढून दिले आणि २० रुपये घेतले; तिने आदल्या रात्री तासभर स्वतःच्या मोबाइलवर तेच शोधले होते. विभागांची यादी बाजूला ठेवून प्रवेश, शुल्क, हॉल तिकीट आणि निकाल या कामांवरून मुखपृष्ठ रचावे, असे माझे म्हणणे आहे.

परीक्षा विभागातला जुना:
चिठ्ठी बोलकी आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार अनुदानित संस्थेला बरीच माहिती स्वतःहून जाहीर करावी लागते, आणि नॅकचे, म्हणजे संस्थेच्या दर्जाचे, मूल्यांकन होते तेव्हा गुणवत्ता कक्षाची इतिवृत्ते जागच्या जागी सापडावी लागतात. शिवाय प्रत्येक पानाला धनी लागतो. ‘कामांवरून’ केलेल्या पानावरची चुकीची तारीख कोणी दुरुस्त करायची, हे ठरलेले नसते. विभागाच्या पानाबाबत निदान कोणाला फोन करायचा ते कळते. आणि जुने दुवे तुटले, तर तुमच्या त्या दुकानदाराची चिठ्ठीही निरुपयोगी होईल.

सुरगाण्याची शिक्षिका:
नॅकचे मूल्यांकन काही वर्षांतून एकदा होते, माझे विद्यार्थी रोज येतात. परिपत्रक कागदावर छापून, सही-शिक्का मारून, पुन्हा स्कॅन करून आडवे चढवण्याची पद्धत तर आधी थांबवा. ते मोबाइलवर वाचता येत नाही, शोधात सापडत नाही, आणि अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला तर तो मजकूरच नसतो, नुसते चित्र असते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. कायदेच मोजायचे तर हाही मोजावा.

कॉलेज रोड:
पाच विद्यार्थ्यांना संकेतस्थळ वापरायला बसवून बघा, दोष दिसतील. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी २००० सालीच एका लेखात हे मांडले आहे. समिती कशाला हवी?

परीक्षा विभागातला जुना:
त्याच लेखात वापरकर्त्यांचे गट फार वेगळे असतील तर प्रत्येक गटातली माणसे स्वतंत्रपणे घ्यावीत, असेही आहे. शहरातल्या कॉलेज रोडवरची पाच मुले दुर्गम सुरगाण्याच्या वतीने बोलू शकत नाहीत.

गोदाकाठ:
पानाच्या धन्याचा मुद्दा मला मान्य आहे. त्याचा विचार मी केला नव्हता. प्रत्येक कामाच्या पानाखाली जबाबदार विभाग, दूरध्वनी आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख छापावी, जुने दुवे नव्या पानांकडे वळवावेत, आणि प्रवेशाच्या हंगामात कशालाही हात लावू नये, असा प्रस्ताव ठेवतो. विभागांची यादी मात्र तळाशीच जाईल, त्यावर मी अडून राहणार आहे. चाचणीसाठी पेठ, सुरगाणा आणि शहर अशा तिन्हीकडच्या विद्यार्थ्यांबरोबर त्या दुकानदारालाही बोलावतो.

परीक्षा विभागातला जुना:
त्याला मानधन द्यावे लागेल. कोणत्या शीर्षाखाली, ते आधी लेखा विभागाला विचारा.