लडाखमधले सोपे पायी रस्ते सांगा, घाई आहे

उद्यमनगरकर
नमस्कार मंडळी. लडाखला जायचं ठरलंय. तंबू, पाठीवर पंधरा किलो असलं काही नको. सकाळी निघावं, तीन-चार तास चालावं, एखाद्या गावात जेवावं, असे सोपे रस्ते पाहिजेत. डोंगर पण दिसला पाहिजे आणि ते वाळूचं वाळवंट पण. नेटवर बघावं तर सगळीकडं त्याच त्या चार जागांचे फोटो, नाहीतर थेट चादर आणि मारखा असले बऱ्याच दिवसांचे मोठे ट्रेक. टूरवाला म्हणतो, "साहेब, गाडीतनं उतरायची गरजच नाही." मला उतरायचंच आहे म्हटलं तर हसतो.
चालायची सवय सगळ्यांना आहे, त्याची काळजी नको. फक्त रस्त्यांची नावं आणि वेळ सांगा. शुक्रवारपर्यंत त्याला कळवायचंय.

गडवाट_करवीर
सगळ्यांना म्हणजे किती जणांना? वयं काय? महिना कुठला? विमानानं की रस्त्यानं? किती दिवस? भावा, "कोल्हापुरात चांगलं जेवण कुठं मिळतं" एवढंच विचारल्यासारखं झालं हे.

बुलेटवाला_कागल
चालत कशाला जाताय? लडाख बघावं तर बुलेटवर. मनालीतनं निघायचं, सरचूला मुक्काम, दुसऱ्या दिवशी लेह. तिथली भाड्याची गाडी तिथंच घ्या, मनालीची भाड्याची गाडी घेऊन लेहमध्ये फिरायला गेलात तर युनियनवाले अडवतात. स्वतःची असेल तर कोण विचारत नाही. क्लचची वायर जादा ठेवा. आणि काय लागलं तर व्यनि (खाजगी निरोप) करा, सगळी यादी आहे माझ्याकडं.

उद्यमनगरकर
@बुलेटवाला, धन्यवाद, पण गाडी नकोय. पायी.
@गडवाट, पाच जण. जूनचा पहिला आठवडा, पोरांची शाळा सुरू व्हायच्या आधी. दिल्लीवरनं विमान, तिकिटं झालीत. लेहमध्ये सात रात्री.

पंचगंगाकाठ
मग शाम खोऱ्याचं नाव लिहून घ्या. लेहच्या पश्चिमेला, सिंधूच्या उत्तरेकडची गावं. लिकीर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, आंग, तेमिसगाम अशी ओळ आहे. एका गावातनं दुसऱ्या गावात चालायचं, रात्री गावातल्याच घरात राहायचं. लिकीर ते यांगथांग चार-पाच तास, पुढचा टप्पा तीनेक तासांचा, शेवटचा तीन-चार. प्रत्येक टप्प्यात एक-दोन खिंडी आहेत, पण सगळ्यात उंच खिंड ३,९०० मीटरच्या आतबाहेरच. तिकडचे वाटाडे याला लहान पोरांचा ट्रेक म्हणतात. आता या सगळ्या गावांना गाडीरस्ता पोचलाय, त्यामुळं पट्टीचे ट्रेकर नाकं मुरडतात. तुमच्यासाठी तेच बरं आहे. कोण दमलं तर गाडी बोलावता येते.
वाट कशी असते ते सांगतो. आपल्याकडं गवत, करवंदीच्या जाळ्या, पायाखाली लाल माती. तिथं नुसता भुसभुशीत मुरूम. चढताना काही नाही, उतरताना टाच रोवावी लागते, नाहीतर पाय सरकतो. गाव सोडलं की सावली संपली. पुढचं गाव दिसतं ते हिरव्या ठिपक्यावरनं, विलो आणि पॉपलरची झाडं, बाजूला जवाची शेतं. मधे पाणी मिळेल हे धरूनच चालू नका, माणशी दोन लिटर पाठीवर ठेवा. संध्याकाळी घरात गेलात की चुलीशेजारी बसायला देतात, मागं फळीवर पितळी-तांब्याची भांडी घासूनपुसून लावलेली. स्क्यू म्हणून कणकेचे तुकडे भाजीत शिजवतात, ते मागून खा.
लेहच्या पट्ट्यात वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. गगनबावड्यात जुलैत एका दिवसात होतो तेवढा. म्हणून डोंगर आणि वाळवंट एकाच जागी.

दख्खनचा_पठारी
डोंगर आणि वाळवंट एवढंच पाहिजे तर लडाखला पैसे कशाला घालवताय? माउंट अबू करा. अरवली आहे, गुरुशिखर १,७२२ मीटर, नक्की तलावाभोवती सुंदर पायवाटा, खाली उतरलात की राजस्थान. कोल्हापूर-अहमदाबाद गाडीनं जायचं, पुढं अबू रोड. दम लागायची भानगडच नाही.

गडवाट_करवीर
जूनच्या पहिल्या आठवड्यात राजस्थान? अंडी घेऊन जा, वाळूतच उकडतील. आणि त्यांची तिकिटं झालीत म्हणून लिहिलंय वर.

दख्खनचा_पठारी
तिकिटं रद्द होतात. मी पर्याय सांगितला. अबूवर हवा थंड असते.

शाहूपुरी_दवाखाना
रस्त्यांचं मला कळत नाही, वेगळं विचारते. पाच जणांत सगळ्यात मोठं कोण, सगळ्यात लहान कोण? कुणाला बीपी, साखर, दमा? आणि टूरवाल्यानं पहिल्या तीन दिवसांत काय लावलंय?

उद्यमनगरकर
वडील ६८, आई ६३, आम्ही दोघं, मुलगा ११. वडिलांना बीपीची गोळी आहे, पण त्यांची काळजी करू नका. जोतिबाचा डोंगर ते अजून पायी चढतात, पन्हाळा-पावनखिंड मोहिमेत आमच्यासारख्या तरण्यांच्या पुढं असतात.
कार्यक्रम असा: पहिल्या दिवशी सकाळी उतरणं, दुपारी शांती स्तूप पायऱ्यांनी. दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा खोरं, तिथं वाळूत चालणं. तिसऱ्या दिवशी पँगाँग तलावाला मुक्काम. चौथ्या दिवशी परत लेह. पुढचे दिवस रिकामे, त्यातच मला ट्रेक बसवायचेत.

गडवाट_करवीर
पावनखिंड मोहिमेतलं कुणी "सोपं" म्हणालं की मला राग येतो. मसाई पठारापर्यंत ठीक आहे, पुढचा चिखल कुणी मोजत नाही.

मंगळवारपेठ_वहिनी
चिखलात चपला तुटलेली माणसं पाहिलीत मी. तरी गेल्या साली एक आजोबा अनवाणी होते. नादच करायचा नाही त्यांचा.

गडवाट_करवीर
वहिनी, आजोबा अनवाणी गेले म्हणून वाट सोपी होत नाही. १६६० च्या आषाढात रात्रीत मावळे पालखी घेऊन गेले, ती वाट आहे ती.

शाहूपुरी_दवाखाना
पावनखिंड जरा बाजूला ठेवूया. उद्यमनगरकर, जोतिबाचा डोंगर समुद्रसपाटीपासून हजार मीटरसुद्धा नाही. लेह ३,५०० मीटरवर आहे. हवेचा दाब आपल्या मानानं साधारण दोन-तृतीयांश. वडिलांचे पाय मजबूत आहेत, मान्य, पण इथं प्रश्न पायांचा नाही. उंचीचा त्रास कुणाला होईल हे तब्येत बघून आधी सांगता येत नाही. उलट चालायची सवय असलेली माणसं पहिल्याच दिवशी जोरात चालतात आणि रात्री डोकं धरून बसतात. विमानानं गेल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती, हे लडाखचं प्रशासनच सांगतं.
तुमचा कार्यक्रम नेमका उलटा आहे. दुसऱ्या दिवशी पाच हजारांच्या वर, तिसऱ्या रात्री पँगाँगला म्हणजे ४,२०० च्या वर झोप. तीन हजारांच्या पुढं झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, असा साधा नियम आहे.
डायमॉक्स म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, तिच्याबद्दल वडिलांच्या डॉक्टरांना भेटा. सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का आणि बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, हे ते बघतील. दुकानातनं परस्पर घेऊ नका.

बुलेटवाला_कागल
डायमॉक्स वगैरे काही लागत नाही. लसणाच्या दोन पाकळ्या सकाळी चावून खायच्या आणि कापराची वडी रुमालात बांधून हुंगायची. आम्ही सगळे असंच जातो.

शाहूपुरी_दवाखाना
कापरानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, हवेतला प्राणवायू वाढत नाही. आणि सरचू ४,३०० मीटरच्या जवळपास आहे. मनालीवरनं येऊन पहिली झोप तिथं घ्यायचा सल्ला तुम्ही वर दिलाय.

बुलेटवाला_कागल
मग सरचूच्या अलीकडं, खाली जिस्पाला मुक्काम करा. मी काय पाटी लावून बसलोय व्हय. रस्त्यानं गेलं की अंग हळूहळू जुळतं, एवढंच माझं म्हणणं.

पंचगंगाकाठ
रस्त्यानंच जायचं तर श्रीनगरवरनं. कारगिल २,७०० मीटरच्या आसपास, तिथं एक रात्र काढली की लेह जड जात नाही. पण त्यांची विमानाची तिकिटं झालीत हो. कितींदा तेच.
उद्यमनगरकर, तुमचे दिवस बदलू नका, क्रम बदला. विमानतळावर उतरलात की लेहमध्ये न थांबता गाडीनं सरळ खाली अल्चीला जा. साधारण ६५ किलोमीटर, आणि उंची ३,१०० मीटरच्या जवळ, म्हणजे लेहपेक्षा चारेकशे मीटर कमी. पहिल्या दोन रात्री तिथंच. पहिला दिवस नुसतं पडून राहा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अल्चीचं जुनं मंदिर आणि नदीकाठ, तेवढंच. मग गाडीनं हेमिस शुकपाचनला जायचं आणि तिथनं तेमिसगाम चालायचं. सुरुवातीला मेबताक ला या खिंडीची छोटी चढण, मग आंगपासून बहुतेक उतार. लिकीरपासून पूर्ण करायचा हट्ट धरू नका, हा एकच टप्पा आई-वडिलांना झेपेल आणि बघायला भरपूर आहे. मुलगा अजून ताजा असेल तर तुम्ही दोघं बाप-लेक दुसऱ्या दिवशी यांगथांगवरनं रिझोंग मठाकडं उतरा.
नुब्रा शेवटी. दिस्कित-हुंदर ३,१०० च्या आसपास आहे, त्यामुळं तिथं झोपायला त्रास नाही, फक्त खारदुंग लावर पाच-दहा मिनिटांच्या वर थांबू नका. तिथल्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलंय, प्रत्यक्षात उंची ५,३५९ मीटर म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जवळ. फोटो काढा आणि उतरा. दिस्कितच्या मठाखालनं हुंदरच्या वाळूपर्यंत सातेक किलोमीटर, जवळजवळ सपाट. तुमचं डोंगर-वाळवंट एकत्र पाहिजे होतं ते हेच. समोर बर्फाची शिखरं, पायाखाली वाळू, आणि दोन वशिंडांचे उंट. ऊन उतरल्यावर निघा.
पँगाँग या खेपेला सोडा.

उद्यमनगरकर
पँगाँग सोडायचं म्हटल्यावर बायको काय म्हणेल ते तुम्हाला माहीत नाही.

मंगळवारपेठ_वहिनी
तिला नुसतं सांगा की तिथं रात्रभर डोकं ठणकतं. बास. आणि तिला पायातलं बघायला सांगा, कोल्हापुरी चप्पल वाळूत नको. आपल्याकडचं प्रीपेड मोबाईल तिकडं चालत नाही, निदान एकाचं तरी पोस्टपेड पाहिजे, हे कुणीच सांगितलं नाही अजून.

उद्यमनगरकर
हे खरंच माहीत नव्हतं, धन्यवाद वहिनी.
टूरवाल्याशी बोललो. म्हणतो लेहचं हॉटेल भरलंय, पैसे परत नाहीत, अल्चीला गेलात तर तुमच्या खर्चानं. आणि "आमचे सगळे गेस्ट दुसऱ्या दिवशी खारदुंग लाच जातात, कुणाला काही होत नाही."

शाहूपुरी_दवाखाना
मग लेहमध्येच राहा, पण दोन दिवस गाडी नको आणि पायऱ्या नकोत. शांती स्तूप चढायचाच तर तिसऱ्या दिवशी. पायऱ्यांवर बोलताना वाक्य पुरं होत नसेल तर तिथंच बसायचं. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही बंद. चालताना झोक जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं आणि वाटेत दवाखाना गाठायचा. लेहमध्ये सोनम नोरबू रुग्णालय आहे, त्यांना हा त्रास रोजचा.

पंचगंगाकाठ
लेहमध्ये राहणार असाल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारातनं शंकर गोंपा या मठापर्यंत शेताकडेच्या वाटेनं जा. हळूच चढ आहे, घाई नको. वडील पुढं पळायला लागले तर नातवाला त्यांच्या हाताला द्या.

उद्यमनगरकर
ठरलं. दोन दिवस लेह, मग एक रात्र तेमिसगाम, मग नुब्रा. टूरवाल्याला तसंच लिहून पाठवलंय. वडील डॉक्टरांकडं यायला तयार आहेत, गोळी घ्यायला नाहीत. म्हणतात जोतिबाला कधी घेतली नाही.
आता एकच राहिलं. हेमिस शुकपाचनला सोडणारी गाडी तेमिसगामला परत येते का, की दोन वेगळ्या कराव्या लागतात?

बुलेटवाला_कागल
म्हणून म्हणत होतो, बुलेट.

पंचगंगाकाठ
एकच गाडी. ड्रायव्हरला सकाळीच सांगायचं, तो रस्त्यानं फिरून तेमिसगामला येऊन थांबतो. दर टॅक्सी युनियनचे ठरलेले असतात, आधी छापील तक्ता मागून बघा.

दख्खनचा_पठारी
दिवाळीत अबूला कोण येणार असेल तर सांगा, चौघं झालोत.