मदत हवी आहे: ढाब्यामागच्या ‘झू’मधल्या इमूंचं काय करायचं?

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाला बायपास झाला नि जुन्या रस्त्यावरची वर्दळ आटली. तिथल्या एका ढाब्यामागे, गिऱ्हाईक थांबावं म्हणून केलेलं ‘झू’ अजून आहे: दोन इमू (शहामृगासारखे मोठे पक्षी), पिंजराभर पोपट, सिमेंटच्या टाकीत एक तारा कासव. मध्यंतरी इमूपालनाच्या धंद्याची लाट आली होती, तेव्हा हे आणलेले. त्या धंद्याचा फुगा फुटला, पक्षी उरले. एकाच्या मानेवरची पिसं जाळीला घासून पार गेलीत. काल टाकीत नुसती सुकलेली कोबीची पानं होती.

पोपट आणि तारा कासव पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, झूला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते, हे माहीत आहे. वनखात्याची १९२६ हेल्पलाइनही ठाऊक आहे. पण इमू पडला परदेशी पक्षी, त्याला वनखातं नेतं का?

मालक काका सत्तरीचे, एकटे. स्वतः अर्धपोटी राहून दाणे टाकतात. त्यांच्यावर केस न होता प्राणी स्वतःहून जमा करता येतात का? कोणी केलंय का असं? पुणे-सोलापूर पट्ट्यात इमू सांभाळणारं कोणी आहे का?

पोपट सोडून द्या म्हणू नका, पंख कापलेत.