मदत हवी आहे: वादळात वीज गेल्यास रो हाऊसला जनरेटर खरोखर लागतो का? (ऐरोली)

नमस्कार.

आम्ही ऐरोलीत रो हाऊसमध्ये राहतो. आईला फुफ्फुसांच्या आजारामुळे पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे, विजेवर चालणारे यंत्र) लावावा लागतो. डॉक्टरांनी मिनिटाला दोन लिटर प्रवाह ठरवून दिला असून रात्रभर तो खंडित होऊन चालत नाही. पावसाळ्याच्या आत जनरेटरचा निर्णय घ्यायचा आहे, म्हणून हा धागा.

एरवी वीज गेली तर तास-दीड तासात येते आणि इन्व्हर्टर तेवढे निभावतो. काळजी वादळाची आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकले, तेव्हा रायगडातील कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात होती. इकडे बऱ्याच ठिकाणी केबल जमिनीखालून गेलेली असल्याने झाड पडून तार तुटण्याची भीती कमी. परंतु केबलचा जॉइंट गेला की दोष नेमका कुठे आहे हे शोधून, रस्ता खणून जोडणी होईपर्यंत भर पावसात किती वेळ जाईल, हे कोणीच सांगू शकत नाही.

कॉन्सन्ट्रेटर सुमारे ३५० वॅट घेतो. १२ व्होल्ट, १५० एएच बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असले, तरी इन्व्हर्टरमधील घट आणि बॅटरीचे वय धरता, सोबत एक पंखा लावल्यास तीन-साडेतीन तासांपलीकडे भरवसा ठेवता येत नाही. फ्रिज थांबला तरी चालेल आणि पाण्याची टाकी वादळाच्या इशाऱ्यानंतर आधीच भरून ठेवता येईल, त्यामुळे पंपाचा भार मी धरलेलाच नाही.

दोन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर हा भार सहज उचलेल. प्रश्न तो ठेवायचा कुठे, हा आहे. मागे चिंचोळा पॅसेज आहे आणि शेजाऱ्यांच्या झोपण्याच्या खोलीची खिडकी नेमकी त्यावरच उघडते. उघड्यावर ठेवला तर पाऊस, पत्र्याने बंदिस्त केला तर धूर कोंडणार. आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. ज्या घरात आधीच एका माणसाला श्वास अपुरा पडतो, तिथे हा धोका पत्करायला माझे मन धजत नाही. शिवाय चेंजओव्हर स्विच (एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच घराला जोडणारा) बसवल्याशिवाय जनरेटर घराच्या वायरिंगला जोडला, तर वीज उलटी लाइनमध्ये जाऊन दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतू शकते. तो खर्च आणि जबाबदारी वेगळीच.

म्हणून विचार सिलिंडरकडे वळला आहे. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन मावतो, म्हणजे आईच्या प्रवाहाने बारा तास, तेही विजेशिवाय. दोन भरलेले सिलिंडर आणि इन्व्हर्टर मिळून एक पूर्ण दिवस निघतो. माझा कल याच बाजूला आहे; जनरेटर त्यापुढच्या दिवसांसाठीच उरतो.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे किंवा ज्यांनी रो हाऊसमध्ये जनरेटर बसवला आहे, त्यांनी कृपया सांगावे: पॅसेजमध्ये धूर आणि आवाज यांची सोय कशी केली? दुसऱ्या दिवसासाठी मोठी लिथियम बॅटरी घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल का? आणि नवी मुंबईत रस्त्यांवर पाणी साचले असताना सिलिंडर भरून मिळण्याचा तुमचा अनुभव काय आहे?