नवीन कामासाठीही ईसीएसएच? माझा विरोध आहे

असेंब्लीवाला: आमच्या मेनफ्रेमवर एक जॉब दरांचा तक्ता ईसीएसएमध्ये चढवतो (सीएसए म्हणजे सगळ्या जॉबना दिसणारी सामाईक मेमरी, ईसीएसए तिचा १६ एमबीच्या वरचा भाग), बाकीचे जॉब तो तिथूनच वाचतात. सगळं की ८ मध्ये, म्हणजे साधे प्रोग्रॅम ज्या संरक्षण-कीने चालतात तिच्यात. आता नवीन कामालाही हीच रीत लावायचं घाटतंय. अहो, की ८ ची सीएसए म्हणजे कुठल्याही ॲड्रेस स्पेसमधला (जॉबच्या स्वतंत्र मेमरीतला) साधा प्रोग्रॅम तिच्यावर लिहू शकतो! झेड/ओएस (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) २.४ मध्ये आयबीएमने असं यूजर-की (की ८ ते १५) कॉमन स्टोरेज बंद केलं ते याच धोक्यामुळे. चालू ठेवायचं तर आरयूसीएसए (परवानगी असलेल्यांनाच खुली सीएसए) वेगळे पैसे मोजून घ्यावं लागतं. त्यापेक्षा डेटा स्पेस (फक्त डेटासाठीची वेगळी मेमरी) घ्या.

रात्रपाळी: दोष की ८ चा आहे, सीएसएचा नाही. सिस्टिम की (० ते ७) मध्ये, फेच प्रोटेक्शनशिवाय (वाचायला बंदी न घालता) घ्या. वाचतील सगळे, लिहिता साध्या प्रोग्रॅमला येणार नाही. पत्ता नेम/टोकनमध्ये (नावावरून शोधून देणाऱ्या सिस्टिमच्या सेवेत) ठेवला की झालं. डेटा स्पेस कोबोलला थेट वाचता येत नाही, एआर मोडसाठी (वेगळ्या मेमरीत पोहोचायच्या पद्धतीसाठी) असेंब्लीचं रूटीन लिहावं लागतं. ते पुढे कोण सांभाळणार?

असेंब्लीवाला: आणि तक्ता बदलायची वेळ आली की? नवा तक्ता शेजारी बांधाल, कंपेअर अँड स्वॅपने (तपासणं-बदलणं एका फटक्यात करणाऱ्या इन्स्ट्रक्शनने) पॉइंटर फिरवाल, इथवर ठीक. पण जुना सोडायचा कधी? एखादा जॉब जुना पत्ता धरून वाचत असेल आणि तुम्ही फ्रीमेन केलं (ती मेमरी सोडली), तर त्याला एस०सी४, म्हणजे मेमरीच्या चुकीने जॉब पडणार. न सोडावा, तर दर बदलाला ईसीएसए वाढत जाणार. ती सगळ्यांच्याच ३१-बिट पत्त्यांच्या २ जीबीतून जाते आणि जॉब संपला म्हणून आपोआप सुटत नाही. शेवटी आयपीएल, म्हणजे सिस्टिमच पुन्हा चालू करणं. डेटा स्पेस निदान मालक टास्कबरोबर जाते.

रात्रपाळी: मालक टास्क मध्येच पडला तर डेटा स्पेस वाचणारेही पडतील, ते सांगितलं नाहीत. वाचणाऱ्यांची मोजदाद दोन्हीकडे ठेवावीच लागते. डायग मेंबरमध्ये (सिस्टिमच्या सेटिंग्जमध्ये) सीएसए ट्रॅकिंग चालू ठेवा, कोणी किती धरलंय ते दिसतं.

सिसप्लेक्सकर: दोघेही एकच झेड/ओएस धरून चालला आहात. जॉब दुसऱ्या एलपारवर (वेगळ्या झेड/ओएसवर) गेला की ना ईसीएसए दिसणार, ना डेटा स्पेस. तक्ता डीबी२ (डेटाबेस) मध्ये ठेवा, वारंवार वाचली जाणारी पानं बफर पूलमध्येच (त्याच्या मेमरीत) राहतात. लॉकिंगही आयतं मिळतं.

रात्रपाळी: प्रत्येक रेकॉर्डला एसक्यूएल? लाखो रेकॉर्डच्या बॅचमध्ये तो सीपीयू परवडणार नाही. तक्ता लहान असेल तर जॉबच्या सुरुवातीला एकदाच वर्किंग-स्टोरेजमध्ये (प्रोग्रॅमच्या स्वतःच्या मेमरीत) ओढून घ्या.

असेंब्लीवाला: हे मला पटतं. मग ईसीएसए लागतेच कशाला?