‘विसरलो’, ‘राहिलं’ की ‘ध्यानात आलं नाही’? एडीडीवाल्यांच्या विसरण्याला मराठीत म्हणायचं काय

उद्यमनगरकर
मंडळी एक शब्द पाहिजे. चाळिशी ओलांडल्यावर डॉक्टरनी सांगितलं तुम्हाला एडीडी (अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर, म्हणजे लक्ष जागेवर न टिकणं) आहे, लहानपणापासनंच असणार. ठीक आहे, आपलं काय म्हणणं नाही, पण आता घरात आईला मराठीत काय सांगायचं? इंग्रजी नाव सांगितलं तर म्हणती असलं काय नसतंय, तू पहिल्यापासनंच वेंधळा. नेटवर ‘अवधान न्यूनता विकार’ असं सापडलं ते वाचून दाखवलं, तर तिला वाटलं रक्तात काहीतरी कमी झालंय, दुसऱ्या दिवसापासनं बीट सुरू.

विसरणाऱ्या माणसाला शब्द आपल्याकडं ढीगभर आहेत, वेंधळा, धांदरट, विसरभोळा, गबाळा, आणि आमच्या गल्लीत सरळ ‘ध्यान हाय नुसतं’. पण माणसाला नाही हो, जे होतंय त्याला शब्द पाहिजे. म्हणजे असं बघा, पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, फोन करायचाय हे सकाळी वर्कशॉप उघडताना माहिती असतंय, रात्री अंथरुणात तर लख्ख माहिती असतंय, आणि मधी दिवसभर फोन हातात असतो तेवढ्या वेळातच नसतंय. ह्याला ‘विसरलो’ म्हणायचं का? कारण विसरलेला तर नसतोय मी, कुणी विचारलं तर पार्टीचं नाव, जॉब कुठला, ड्रॉइंगमधलं माप काय सगळं सांगतोय.

मुद्रितशोधक
दादा, प्रश्न वाटतो त्यापेक्षा खोल आहे, आणि उत्तर नामात नाही तर क्रियापदात सापडेल असं मला वाटतं.

‘विसरणे’ संस्कृत ‘विस्मृ’वरून प्राकृतातून आलेलं, त्यात वाद नाही. गंमत आहे ती त्याच्या वागण्यात. हे सकर्मक क्रियापद, म्हणजे काहीतरी विसरायला लागतं, तरीसुद्धा भूतकाळात ‘ने’ घेत नाही. त्यानं भाकरी खाल्ली, त्यानं पिशवी उचलली, पण तो पिशवी विसरला. खाल्ली-उचलली ही क्रियापदं भाकरीच्या नि पिशवीच्या मागं गेली, विसरला मात्र माणसाला चिकटून बसलं. शिकणे, बोलणे, चुकणे अशी थोडीच क्रियापदं असं वागतात. आता ‘आठवणे’ बघा. मला नाव आठवलं, मला त्या वाड्याच्या पायऱ्या आठवल्या. इथं कर्ता नाव, कर्ता पायऱ्या, आपण नुसते ‘मला’. म्हणजे मराठीत आठवण आपली आपण येते आणि विसरतो मात्र आपण. आलं तर त्याचं श्रेय नाही, गेलं तर दोष पुरता. (‘मी आठवतोय’ म्हणतात, पण तो आठवायचा प्रयत्न झाला, प्रत्यक्ष आठवतं तेव्हा पुन्हा ‘मला आठवलं’च.)

तुम्ही जे वर्णन केलंत ते ‘मी विसरलो’ नाहीच. ते ‘मला वेळेवर आठवलं नाही’ आहे. माहिती शाबूत, फक्त ज्या क्षणी वर यायला पाहिजे त्या क्षणी वर आली नाही. मानसशास्त्रात पुढं करायच्या गोष्टी योग्य वेळी आठवण्याला वेगळं धरतात, मागं घडलेलं आठवण्याला वेगळं. दुसरी बाजू ठणठणीत असून पहिली लंगडी असू शकते. मला मराठीत त्याला ‘पुढची आठवण’ म्हणावंसं वाटतं, पण ते माझं, कोशात नाही.

आणि कोल्हापुरात तर याहून छान सोय आहे ती म्हणजे ‘राहिलं’. बिल भरायचं राहिलं, सांगायचं राहिलं, डबा घरातच राहिला. कर्ता बिल आणि डबा. माणूस वाक्यात औषधालासुद्धा नाही.

रंकाळ्याकाठची
‘राहिलं’ वर माझा आक्षेप आहे ओ. आमच्या घरात हे एकच क्रियापद ऐकून मी म्हातारी व्हायला लागलो. (होय, मी बाई आहे आणि ‘लागलो’च लिहिणार, कोल्हापूरची आहे, आम्ही बायकासुद्धा येतो जातो विसरलो असंच बोलतो, पुण्यामुंबईच्यांनी सुधारायला येऊ नये.) नवरा म्हणतो लाइटबिल भरायचं राहिलं, जसं काय बिल स्वतःच चालत जाणार होतं आणि वाटेत बिंदू चौकात बसलं. मी म्हणतो तू विसरलास. भांडण विसरण्यावरनं नसतंयच, ह्या दोन क्रियापदांवरनं असतंय.

पण मला लिहायचं होतं ते विसरभोळा ह्या शब्दाबद्दल. किती गोड शब्द आहे बघा, विसर आणि भोळा, म्हणजे मनात काय नाही बिचाऱ्याच्या. पण हा मिळतो कुणाला, प्रोफेसरला, कवीला, थोरल्या मामांना. बाईला विसरभोळी म्हटलेलं किती वेळा ऐकलंय? बाईला वेंधळी, धांदरट, आणि एकच पेटंट वाक्य, लक्ष कुठं असतंय गं तुझं. दूध उतू गेलं की वेंधळी, मामांनी चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला की विसरभोळे. माझं निदानसुद्धा मुलाला दाखवायला नेल्यावर झालं, त्याच्यासाठी फॉर्म भरत होतो आणि प्रत्येक प्रश्नाला वाटत होतं अरे हे तर माझं. मुलींच्यात वर्गात उड्या मारणारा प्रकार कमी, खिडकीतनं बाहेर बघत बसणारा जास्त, त्यामुळं कुणाच्या डोळ्यावर येत नाही आणि वय निघून जातंय.

अजून एक, सासूबाईंना कुणीतरी ‘स्मृतिभ्रंश’ असं सांगितलं आणि त्या घाबरल्या. हा शब्द ह्या कामाला अजिबात वापरू नका. स्मृतिभ्रंश म्हणजे वयात होणारा तो आजार, त्यात आधी येत असलेलं हळूहळू जातंय. एडीडीत जायचं काय नसतंय, पहिल्यापासनं असंच असतंय.

गंगावेस कट्टा
सॉरी पण सगळेच विसरतात राव. मोबाईल आल्यापासनं स्वतःच्या बायकोचा नंबर पाठ नाही कुणाला. मग सगळ्यांनाच एडीडी म्हणायचं का? नवीन फॅड आहे, उगीच शब्द शोधत बसायचं.

मुद्रितशोधक
फॅड नाही हो. 1798 साली अलेक्झांडर क्रिचटन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं मन एका जागी टिकत नाही अशा माणसांबद्दल लिहून ठेवलंय, तेव्हा मोबाईल सोडा, आगपेटीसुद्धा नव्हती. नाव मात्र बदलत आलं. अमेरिकेतल्या मानसोपचारवाल्यांच्या डीएसएम नावाच्या नियमपुस्तकात 1980 साली एडीडी आलं, 1987 ला त्यात चंचलतेचा (हायपरअॅक्टिव्हिटीचा) एच घालून एडीएचडी केलं, म्हणून आज कागदोपत्री एडीडी असं वेगळं निदान नाही, ‘एडीएचडी, मुख्यतः लक्ष न लागण्याचा प्रकार’ असं लिहितात. लोक बोलताना अजून एडीडीच म्हणतात, तेही चालतं.

सगळेच विसरतात हे खरं, पण निदान नुसत्या विसरण्यावर होत नाही. 2013 च्या आवृत्तीत लक्षाची नऊ लक्षणं आहेत, रोजच्या कामात विसरणं हे त्यातलं फक्त एक, आणि तिथं मोठ्या माणसांसाठी उदाहरणं दिलीत ती फोन परत करणं, बिलं भरणं, ठरलेल्या भेटी पाळणं. उद्यमनगरकर, तुमचा पार्टीचा फोन नियमात बसलेला आहे! वस्तू हरवणं हे त्यात वेगळं लक्षण धरलंय. सतरा वर्षं आणि त्यापुढच्यांना नवापैकी किमान पाच पाहिजेत, काही तरी बारा वर्षांच्या आधीपासून दिसलेली पाहिजेत, घरी आणि कामावर दोन्हीकडं, आणि त्यानं जगण्यात खरोखर अडलेलं पाहिजे.

पाटगावचा मास्तर
गंगावेसवाल्या भावा, तुझा नंबर पाठ नसणं वेगळं, तो तू पाठ करायलाच गेला नाहीस. आणि अचानक गेल्या सहा महिन्यात विसरायला लागलास तर एडीडी शोधत बसू नकोस, आधी बी ट्वेल्व्ह, थायरॉइड, झोप आणि मन उदास आहे का हे बघून घे, ह्या चारांनीसुद्धा माणूस तंतोतंत असाच विसरतो.

शब्दाकडं येतो. किल्ली कुठं ठेवली ‘विसरलो’ म्हणतो ना आपण, ते तर विसरणंसुद्धा नाही. विसरायला आधी डोक्यात शिरायला पाहिजे. ठेवताना लक्ष दुसरीकडं, हातानं ठेवली, डोक्यात नोंदच नाही. गावाकडं म्हातारी माणसं बरोबर बोलतात, ‘ठेवल्यालं ध्यानात न्हाई’ म्हणतात, इसरलो नाही म्हणत. ध्यानात ठेवणे, ध्यानात येणे, ध्यानातनं जाणे, तिन्ही वेगळ्या गोष्टी आणि तिन्हीला एकच घर, ध्यान. (आणि त्याच ‘ध्यान’चा अर्थ वेडंबागडं माणूस असापण होतो, हे आपल्या भाषेचं काय लॉजिक आहे देव जाणे.)

डोक्यात शिरणं आणि पक्कं लक्षात राहणं ह्यांच्या मधली गोष्ट ती कार्यकारी स्मृती, इंग्रजीत वर्किंग मेमरी. 1974 साली बॅडली आणि हिच ह्या दोघांनी तिचं मॉडेल मांडलं, पुस्तकी नाव अवघड आहे, मी पोरांना सांगताना दुकानातली कच्ची वही म्हणतो. आत्ता लागणारं चार ओळीत खरडायचं, पक्क्या वहीत चढेपर्यंत टिकलं पाहिजे. एडीडीत बऱ्याच जणांची ही कच्ची वही लहान असते, मधी कुणी हाक मारली की पान उलटतं. म्हणून स्वयंपाकघरात जाऊन उभं राहतात आणि कशाला आलो ते कळत नाही. हे सगळ्यांनाच होतंय, दार ओलांडल्यावर आधीचं निसटतंय ह्यावर 2011 मध्ये रॅडव्हान्स्की ह्यांनी प्रयोगपण केलेत, फक्त ह्यांना ते दिवसभर होतंय.

आता माझा राग कुठल्या शब्दावर आहे सांगतो. ‘आठवणीनं’. येताना आठवणीनं आण, आठवणीनं सही घे, आठवणीनं फोन कर. अरे जे हत्यार चालत नाही तेच घेऊन काम कर म्हणून सांगताय! ज्याची आठवण वेळेवर येत नाही त्याला आठवणीनं कर म्हणून काय उपयोग. त्यापेक्षा जुना शब्द बरा, खूणगाठ. बायका पदराला गाठ मारायच्या, पुरुष उपरण्याला, गाठ हाताला लागली की काम आठवायचं. आता खूणगाठ बांधणे म्हणजे मनात पक्कं ठरवणे एवढाच अर्थ उरला आणि गाठ मनात गेली, तिथंच घोटाळा झाला. ती बाहेर पाहिजे, जिथं काम करायचं तिथं पाहिजे. बिल दाराच्या कडीला, डबा गाडीच्या किल्लीबरोबर, पार्टीचा नंबर लेथच्या स्विचवर चिकटवलेला. आणि ‘उद्या करू’ असं न म्हणता ‘चहा झाला की कप खाली ठेवायच्या आधी फोन’ असं जोडून ठेवायचं, पीटर गोल्विट्झर ह्यांनी 1999 ला ह्या ‘अमुक झालं की तमुक’ पद्धतीवर लिहिलंय, साधी आहे पण चालते.

रंकाळ्याकाठची
मास्तर एक राहिलं (बघा, मीपण). नाद! ‘बोलायच्या नादात’ विसरलो, ‘कामाच्या नादात’ जेवायचं राहिलं. एडीडीवाल्यांचं लक्ष कमी नसतंयच मुळी, एखाद्या गोष्टीत घुसलं की तीन तास हलत नाही, त्याला इंग्रजीत हायपरफोकस म्हणतात, आपल्याकडं नाद लागणे. ज्या गावात ‘नाद खुळा’ ही शाबासकी आहे तिथं हे समजायला जड जाऊ नये. म्हणून न्यूनता शब्द मला पटत नाही, लक्ष आहे, ते सांगितल्या जागी जात नाही.

मुद्रितशोधक
ताई, मान्य. न्यूनता टाकाऊच. अवधान शब्द मात्र टाकवत नाही, ‘तरी अवधान एकले दीजे, मग सर्वसुखासि पात्र होइजे’ असं ज्ञानेश्वरीत नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच माउलींनी मागितलंय, आणि लग्नात ‘सावधान’ म्हणतात त्यातही तेच, अवधानासहित. त्याच कुळातला एक शब्द आपण रोज वापरतो आणि इथं कुणालाच सुचला नाही, अनवधान. ‘अनवधानाने उल्लेख राहून गेला.’ नाव न छापलेल्या पाहुण्यांसाठी पेपरवाले वापरतात, कारकून वापरतात. विकार, न्यूनता, अभाव काही न लावता नुसतं ‘अनवधान’ म्हणावं असा माझा प्रस्ताव.

गंगावेस कट्टा
चांगलाय पण अनवधानानं म्हटलं की लोकांना वाटणार दिलगिरी मागतोय. नोटिशीतला शब्द आहे तो. आईला सांगायला नाही चालायचा.

उद्यमनगरकर
सगळं वाचलं, एका बैठकीत नाही झालं हे वेगळं सांगायला नको. अनवधान कागदावर लिहायला झकास, पण गंगावेसवाल्याचं बरोबर, आई म्हणणार सरकारी भाषा बोलू नको. तिला काल मास्तरांच्या वाक्यानं सांगितलं, ‘मला म्हाईत असतंय, येळंवर ध्यानात येत न्हाई.’ ह्यावर म्हणाली मग तसं सांग की, आणि बीट बंद केलं. पार्टीला फोन अजून व्हायचाय.

औषधवाला शाहूपुरी
दुकानात बसून वाचतोय म्हणून एक भर. आमच्याकडं गिऱ्हाईक ‘गोळी विसरलो’ कधी म्हणत नाही, ‘आजची गोळी चुकली’ म्हणतंय, बस चुकली तशी. मिथिलफेनिडेट ह्या एडीडीवरच्या गोळीवाल्यांचं हे हमखास, कारण विसरण्यावरची गोळी घ्यायचीच आठवण राहत नाही. साधी गोळी चार तासांच्या आसपास चालती, त्यामुळं सकाळची चुकली म्हणून संध्याकाळी घेतली की रात्री झोप नाही, आणि चुकली म्हणून दोन एकदम तर अजिबात घ्यायच्या नाहीत, डॉक्टरला विचारायचं. अ‍ॅटोमॉक्सेटिन ह्या एडीडीवरच्याच दुसऱ्या गोळीचं वेगळं, तिचा फरक दिसायला काही आठवडे जातात, आठ दिवसात काय झालं नाही म्हणून लोक सोडून देतात. दोन्ही चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि महिना संपला की चिठ्ठी घरात राहिली म्हणून मोकळ्या हातानं येतात. उद्यमनगरकर, चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, मूळ चिठ्ठी पाकिटात.