कुंडीआधी पाला

(सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं)

ए-३०२: नमस्कार. बाल्कनीत सेंद्रिय भाजी करायची खूप इच्छा आहे. महिन्यापूर्वी नर्सरीतून टोमॅटोची चार रोपं आणि दोन पोती लाल माती आणली. दोन रोपं गेली, दोन पिवळी पडलीत. कोणतं खत घालू? प्लीज कुणीतरी सांगा.

डी-१०१ काकू: आधी मातीचा फोटो टाक गं. रोपाचा नको.

ए-३०२: टाकला काकू. वरून कडक झालीय. पाणी घातलं की वरच साचतं, मग कडेकडेने खाली निघून जातं.

डी-१०१ काकू: तेच तर. नुसती लाल माती कुंडीत विटेसारखी बसते. मुळांना हवा नाही, पाणी मधे पोचतच नाही. अशात खत घालून उपयोग नाही. संध्याकाळी ऊन उतरल्यावर रोपं मुळांच्या मातीसकट काढ आणि मिश्रण बदल. एक भाग तुझीच माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग चुरलेला सुका पाला. वर मूठभर निंबोळी पेंड, म्हणजे कडुनिंबाच्या बियांचं तेल काढून उरलेला चोथा. टोमॅटोला कुंडी निदान १२ इंच खोल हवी आणि पाच-सहा तास ऊन.

बी-२०४: पाल्याऐवजी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, चालेल ना? ऑनलाइन मागवतो सगळ्यांसाठी.

डी-१०१ काकू: चालेल, पण विकत कशाला? पार्किंगमधल्या बदामाची पानगळ चालू आहे. आज सकाळी मावशींनी झाडून तीन पोती पाला कचऱ्याच्या गाडीत दिला. मागच्या वर्षी तर कोपऱ्यात जाळला होता. माझा जीव तुटतो हे बघून. आपण मातीच फेकून देतोय आणि मग नर्सरीत जाऊन माती विकत आणतोय.

सी-५०३: काकू, राग मानू नका, पण गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या खतखड्ड्याचा वास थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचा. चिलटांनी हैराण झालो होतो. परत तेच नको.

डी-१०१ काकू: तुमची तक्रार अगदी खरी होती. त्या खड्ड्यात नुसता ओला कचरा पडत होता, वर सुकं काहीच नाही. एक वाटी ओल्या कचऱ्याला दोन-तीन वाट्या सुका पाला, आणि वरचा थर नेहमी पाल्याचाच. विरजण म्हणून आंबट ताक शिंपडायचं. शिजलेलं, तेलामिठाचं, मासळी-मटण सुरुवातीला अजिबात नको. चार-पाच दिवसांनी वरखाली करायचं. मुठीत दाबलं की गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. वास आलाच तर ओल जास्त झाली समजायचं. आणखी पाला घालायचा. दोन-अडीच महिन्यांत काळं, भुसभुशीत खत होतं. माझा खताचा डबा बाल्कनीत आहे, कधीही येऊन हुंगून बघा.

सी-५०३: उद्या येते.

सेक्रेटरी: गच्चीचं मात्र आत्ताच सांगतो. वॉटरप्रूफिंगला सहा महिने झालेत. तिथे कुंड्या नकोत.

डी-१०१ काकू: गच्ची मागतच नाहीये. एक घनफूट ओली माती ४५-५० किलो भरते, ती स्लॅबवर विचार न करता ठेवूच नये. पाल्याचं मिश्रण बरंच हलकं असतं, म्हणून बाल्कनीलाही तेच बरं.

ए-६०१ काका: आमचं गाव तासगावजवळ. द्राक्षबागांमुळे शेतीत प्रयोग करणारे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा शेतकऱ्यांचा गट प्रयोग परिवार ही नावं लहानपणापासून ऐकलेली. पालापाचोळ्यातून माती घडवायची, हेच ते सांगायचे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातल्याच कचऱ्यावर बाग उभी केली. आपल्याला पाच कुंड्या जड नाहीत.

बी-२०४: माझ्या जास्वंदीवर कापसासारखं पांढरं काहीतरी आलंय.

डी-१०१ काकू: पिठ्या ढेकूण, झाडाचा रस शोषणारी कीड. जुना टूथब्रश ओला करून घासून काढ. मग लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, चांगलं हलवून संध्याकाळी फवार. पानाच्या खालच्या बाजूनेही. आठवड्याने पुन्हा.

ए-३०२: काकू, टोमॅटो सावरेपर्यंत दुसरं काय लावू? मुलीला काहीतरी उगवताना बघायचंय.

डी-१०१ काकू: मेथी. घरातलेच दाणे रात्रभर भिजवून पसरट ट्रेमध्ये पेर, चार-पाच इंच मिश्रण पुरतं. तीन-चार दिवसांत कोंब दिसतील, महिन्याभरात भाजी. कोथिंबिरीला आता उशीर होतोय, ऊन तापलं की लगेच फुलावर जाते. लावायचीच तर धणे चपलेने रगडून दोन फाका कर. मार्चपासून लाल माठ आणि चवळी.

सेक्रेटरी: मावशींना सांगून ठेवतो, उद्यापासून पाल्याची पोती गाडीत द्यायची नाहीत. बी विंगच्या जिन्याखाली ठेवू. प्लास्टिक निवडून काढायला मात्र कुणीतरी हवं.

सी-५०३: मी निवडते. सकाळी साडेसातला खालीच असते.

डी-१०१ काकू: फार बरं झालं. बदामाची पानं जाड असतात, पोत्यात भरून पायाने तुडवायची म्हणजे लवकर कुजतात. गेटजवळच्या पर्जन्यवृक्षाची बारीक पानं तशीच वापरा. ए-३०२, रविवारी दहा वाजता रिकामा डबा घेऊन ये, विरजण माझ्याकडचं देते.

ए-३०२: तेलाचा १५ किलोचा डबा आहे, चालेल?

डी-१०१ काकू: उत्तम. गरम पाणी-साबणाने तेल काढून टाक. तळाला पाच-सहा भोकं, चारही बाजूंना हवेसाठी दोन-दोन. खाली ताटली ठेव, म्हणजे खालच्या मजल्यावर ठिबकणार नाही.