मदत हवी आहे: एमव्हीपी आणि साय यंगचे विजेते ओळखायला किती जुनी मतं धरावीत?

नमस्कार. मी सिएटलजवळ राहते आणि मरिनर्स या इथल्या बेसबॉल संघाची चाहती आहे. इथल्या मराठी मित्रमंडळात बेसबॉल मनापासून बघणारे काही जण आहेत. दर सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही एक तक्ता भरतो: दोन्ही लीगचा (अमेरिकन आणि नॅशनल) एमव्हीपी, म्हणजे सर्वात मोलाचा खेळाडू कोण, साय यंग कोणाला, रूकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवोदित कोण, मॅनेजर ऑफ द इयर कोण. पैसे अजिबात लावत नाही, नोव्हेंबरात निकाल आले की ताडून बघतो, एवढंच. येत्या सीझनसाठी मला हे काम नीट मॉडेल बांधून करायचंय. डेटा गोळा झालाय, पण एका जागी अडलेय. इथे आकडेवारीत मुरलेली मंडळी आहेत, म्हणून विचारते.

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडं सांगते. हे पुरस्कार बेसबॉल लेखकांची संघटना देते. प्रत्येक लीगमध्ये 15 संघ, प्रत्येक संघाच्या शहरातून 2 पत्रकार, म्हणजे एका पुरस्काराला एका लीगमध्ये 30 मतं. एमव्हीपीच्या मतपत्रिकेवर 10 नावं क्रमाने लिहायची असतात. पहिल्याला 14 गुण, दुसऱ्याला 9, मग 8, 7 असं उतरत दहाव्याला 1. साय यंग हा पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा पुरस्कार, त्यात 5 नावं आणि गुण 7-4-3-2-1. मतपत्रिका प्लेऑफ (सीझननंतरची बाद फेरी) सुरू होण्याआधी जमा होतात, त्यामुळे वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम लढतीत, कोणी काय केलं ते हिशेबात धरायचंच नाही.

आता माझी अडचण. सुरुवात मी बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स आणि रॉब नेयर यांच्या साय यंगच्या जुन्या सूत्रापासून केली. कोणता पिचर चांगला हे ते सूत्र सांगत नाही, मत देणारे कोणाला निवडतील ते सांगतं, आणि मला नेमकं तेच हवं होतं. इनिंगला 5 ने गुणून 9 ने भागायचं, त्यातून अर्न्ड रन्स (पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा) वजा करायचे. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) 12 ने भागून मिळवायचं. प्रत्येक सेव्हला (संघाची आघाडी शेवटपर्यंत टिकवणं) 2.5, प्रत्येक शटआउटला (पूर्ण सामना टाकून एकही धाव न देणं) 1, प्रत्येक विजयाला 6, प्रत्येक पराभवाला उणे 2. संघ आपल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे लीगमधल्या आपल्या गटात, पहिला असेल तर वर 12.

विजयाला 6 म्हणजे भलतंच वजन आहे, पण त्या काळच्या मतदारांना ते शोभतं. 1990 मध्ये ओकलंडच्या बॉब वेल्चने 27 विजय मिळवले आणि 2.95 च्या ईआरएवर (दर 9 इनिंगमागे दिलेल्या अर्न्ड रन्स, जितका कमी तितका चांगला) साय यंग नेला. त्याच लीगमध्ये रॉजर क्लेमेन्सचा ईआरए 1.93 होता, विजय 21. सूत्रात दोघांचे आकडे घातले तर वेल्चच थोडा पुढे निघतो. म्हणजे सूत्र आपल्या काळाशी प्रामाणिक होतं.

मग 2018 ची नॅशनल लीग घ्या. मेट्सचा जेकब डिग्रॉम: ईआरए 1.70, 217 इनिंग, 269 स्ट्राइकआउट, पण विजय 10 आणि पराभव 9, कारण त्याच्या संघाला त्याच्यासाठी धावाच काढता येत नव्हत्या. नॅशनल्सचा मॅक्स शर्झर: 18-7, ईआरए 2.53, 300 स्ट्राइकआउट. सूत्र डिग्रॉमला सुमारे 144 देतं आणि शर्झरला सुमारे 180. प्रत्यक्षात पहिल्या पसंतीची 30 पैकी 29 मतं डिग्रॉमला पडली. 2025 ला तर पायरेट्सचा पॉल स्कीन्स 10-10 होता, जितके विजय तितकेच पराभव, ईआरए 1.97. फिलीजचा क्रिस्टोफर सांचेझ 13-5, ईआरए 2.50, संघ डिव्हिजनमध्ये पहिला. सूत्रात स्कीन्स सुमारे 121, सांचेझ 154. मतदारांनी स्कीन्सला 30 पैकी 30 दिली.

याची सुरुवात 2010 ला झाली असं मला वाटतं. त्या वर्षी आमच्या फेलिक्स हर्नांडेझला 13-12 असताना साय यंग मिळाला. विजयांचा आकडा पिचरच्या हातात फारसा नसतो हे तेव्हा मतदारांनी मान्य केलं. एमव्हीपीत हे वळण उशिरा आलं. 2012 ला मिगेल कब्रेराने ट्रिपल क्राउन मिळवला, म्हणजे बॅटिंगची सरासरी, होमरन आणि आरबीआय (आपल्या बॅटिंगमुळे संघाला मिळालेल्या धावा) तिन्हींत अव्वल. 1967 नंतर असं कोणी केलं नव्हतं. क्षेत्ररक्षण आणि बेसरनिंग धरून माइक ट्राउट त्या वर्षी सरस होता, तरी 28 पैकी 22 पहिली मतं कब्रेराला गेली. आज तीच लढत झाली तर निकाल तसाच लागेल असं मला वाटत नाही.

म्हणून पहिला प्रश्न: मतदार बदललेत हे उघड आहे, तर किती मागे जावं? साय यंग 1956 पासून आहे, 1967 पासून दोन्ही लीगला वेगवेगळा. सगळं घेतलं तर मॉडेल वेल्चच्या काळातली सवय शिकतं. फक्त शेवटची 10 वर्षं घेतली तर एका पुरस्काराचे जेमतेम 20 विजेते हाती राहतात, आणि 20 ओळींवर काय शिकवणार?

दुसरा प्रश्न कॅचरचा, म्हणजे बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्याचा, आणि तो माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. 2025 ला आमच्या कॅल रॉलीने 60 होमरन मारले. कॅचरने एका सीझनमध्ये इतके कधीच मारले नव्हते. आधीचा विक्रम साल्वाडोर पेरेझचा 48 चा. दोन्ही हातांनी बॅटिंग करणाऱ्यांमध्ये मिकी मँटलचा 54 चा विक्रमही त्याने मोडला, आणि मरिनर्सनी 2001 नंतर पहिल्यांदा डिव्हिजन जिंकलं. समोर ॲरन जज: सरासरी .331, होमरन 53. गुण झाले 355 विरुद्ध 335, पहिली मतं 17 विरुद्ध 13. गुणांची बेरीज उलगडली तर दिसतं की 30 च्या 30 मतपत्रिकांवर पहिली दोन नावं हीच होती. तीन पत्रकारांनी क्रम उलटा लिहिला असता तर रॉली एमव्हीपी असता.

इथे वॉर (बदली खेळाडूपेक्षा या खेळाडूमुळे संघाला किती जास्त विजय मिळाले त्याचा अंदाज) कुठून घ्यावा ते कळत नाही. फॅनग्राफ्स हे आकडेवारीचं संकेतस्थळ आपल्या वॉरमध्ये फ्रेमिंग धरतं, म्हणजे कॅचर चेंडू झेलताना काठावरचा स्ट्राइक किती सफाईने मिळवून देतो ते. बेसबॉल रेफरन्स हे दुसरं संकेतस्थळ ते धरत नाही. त्यामुळे पहिल्या ठिकाणी रॉली जजच्या बराच जवळ दिसतो, दुसऱ्या ठिकाणी मागे पडतो. मतदार कोणता आकडा बघतात? दोन्ही घालावेत की सरासरी घ्यावी?

मॅनेजरचा पुरस्कार मी तूर्तास बाजूला ठेवलाय. कोणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा.

प्रतिसाद: संख्यारेषा

धागा आवडला. पहिल्या प्रश्नाची गाठ तुम्ही 'विजेता' हेच उत्तर धरल्यामुळे पडली आहे. विजेता हे लक्ष्य सोडा आणि मिळालेल्या गुणांचा वाटा धरा. शॉन लाहमन यांच्या मोफत डेटाबेसमध्ये पुरस्कारांच्या मतांचं वेगळं कोष्टक आहे. त्यात प्रत्येक खेळाडूचे मिळालेले गुण, शक्य असलेले कमाल गुण आणि पहिली मतं आहेत. मतं मिळालेला प्रत्येक जण तुमच्यासाठी एक ओळ होतो, त्यामुळे 10-15 वर्षांतही पुरेसा माल मिळतो. जुनी वर्षं पूर्ण टाकू नका, मागे जाल तसं वजन घटवत न्या. किती वेगाने घटवायचं ते 2018 पासूनची वर्षं एकेक करून झाकून ठेवा आणि तपासून ठरवा.

दुसरं, कच्चे आकडे घालू नका. मतपत्रिका भरणारा माणूस त्या वर्षीच्या त्या लीगमधल्यांचीच आपसांत तुलना करतो. म्हणून ईआरए 2.50 न घालता 'लीगमध्ये कितवा' किंवा 'पहिल्यापासून किती मागे' असं घाला, आणि प्रत्येक लीग-वर्ष ही स्वतंत्र शर्यत माना, जिच्यातल्या शक्यतांची बेरीज 1 व्हायला हवी.

आणि पहिल्या मतांवर भिस्त ठेवू नका. 2016 ला अमेरिकन लीगमध्ये व्हर्लँडरला 14 पहिली मतं होती, पोर्सेलोला 8. साय यंग पोर्सेलोला मिळाला, 137 विरुद्ध 132. दोन मतपत्रिकांवर व्हर्लँडरचं नावच नव्हतं. त्या दोघांनी त्याला तिसरं जरी ठेवलं असतं तरी निकाल फिरला असता. मॉडेलला अख्खी मतपत्रिका दिसली पाहिजे, खालच्या नावांसकट.

वॉरबद्दल: दोन्ही आकडे घाला, शिवाय 'कॅचर आहे का' हा वेगळा रकाना ठेवा. एक सावधगिरी मात्र घ्या. रॉलीसारखा सीझन इतिहासात दुसरा नाही, त्यामुळे त्या रकान्याला मॉडेल जे वजन देईल त्यावर फार विसंबू नका.

प्रतिसाद: तिसरा बेस

मॅनेजरचं सोपं आहे असं मी म्हणेन. किती सामने जिंकले ते महत्त्वाचं नाही, सीझनआधी जेवढी अपेक्षा होती त्याहून किती जास्त जिंकले ते बघा. डॉजर्सच्या डेव्ह रॉबर्ट्सना हा पुरस्कार 2016 मध्ये, त्यांच्या पहिल्याच वर्षी मिळाला. पुढे 3 वर्ल्ड सिरीज जिंकूनही परत मिळाला नाही, कारण डॉजर्स जिंकणारच हे सगळे धरून चालतात. उलट क्लीव्हलँडचे स्टीफन व्होट आणि मिलवॉकीचे पॅट मर्फी यांना 2024 आणि 2025 अशी दोन्ही वर्षं मिळाला. व्होट यांच्या संघाने 2025 ला डेट्रॉइटची साडेपंधरा सामन्यांची आघाडी भरून काढली होती. सीझनआधीचे अंदाज मार्चमध्येच उतरवून ठेवा, नंतर शोधत बसावं लागतं.

अजून एक सुचवतो. तुमच्या तक्त्यात एकच नाव लिहायला लावू नका, टक्के लिहायला लावा. ओहतानी 2024 आणि 2025 दोन्ही वर्षं एकमताने एमव्हीपी झाला, ते ओळखण्यात कोणाचंच कौशल्य दिसत नाही. जज-रॉलीसारख्या लढतीत ज्याने 55-45 लिहिलं आणि ज्याने 95-5 लिहिलं, त्यांना सारखेच गुण मिळणं बरोबर नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. गुणांचा वाटा धरून मॉडेल पुन्हा बांधायला घेतलंय. टक्क्यांची कल्पना मंडळात सांगितली, सगळ्यांना पटली. मतपत्रिका संघटनेच्या संकेतस्थळावर पत्रकारांच्या नावांसह असतात, त्याही उतरवून घेतेय. कोणत्या शहराचे पत्रकार आपल्या संघाच्या खेळाडूला झुकतं माप देतात का, तेही बघायचंय.

'लीगमध्ये कितवा' ही पद्धत रूकींना कशी लावायची, तेवढं मात्र सांगा. 2024 ला स्कीन्स मे महिन्यात आला, जेमतेम 133 इनिंग टाकल्या, ईआरएच्या यादीत यायला लागणाऱ्या 162 इनिंगही भरल्या नाहीत, तरी 30 पैकी 23 पहिली मतं घेऊन रूकी ऑफ द इयर झाला. सान डिएगोचा जॅक्सन मेरिल सबंध सीझन खेळून 7 वर राहिला. कमी खेळलेल्याची तुलना पूर्ण खेळलेल्याशी करताना तुम्ही प्रति इनिंगचा आकडा घ्याल की एकूण बेरीज? आणि एकूण घेतली तर स्कीन्ससारखा खेळाडू मॉडेलला दिसणार कसा?